गहू सोडला, ज्वारी धरली. पण बी-१२ चं काय?

"सिलिअ‍ॅक आहे ना? गहू बंद, कडक भाकरी सुरू. जीवनसत्त्वं आपोआप भरून निघतील." गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन न सोसणाऱ्या या आजारात सोलापुरात हा सल्ला हमखास मिळतो. त्यातला निम्माच खरा. ज्वारीत ग्लुटेन नसतं, आणि मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी घरात असताना पोळीचं दुःख ते किती! घोळ पुढच्या निम्म्यात आहे.

सिलिअ‍ॅकमध्ये ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते आणि अन्नरस शोषणारे बारीक उंचवटे झिजतात. नुकसान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात जास्त, आणि लोह, फोलेट मुख्यतः तिथंच शोषलं जातं. गहू थांबवल्यावर अस्तर भरून यायला महिने, मोठ्या माणसांत कधी काही वर्षंही लागतात. तोवर खाल्लेलं अंगी लागेलच असं नाही. शिवाय बी-१२ आणि ड जीवनसत्त्व ना भाकरीत, ना शेंगाचटणीत. ड साठी ऊन आहे की, म्हणाल; पण सोलापूरच्या उन्हात आपण बाहेर पडतो कुठं?

म्हणून निदान होताच हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), फोलेट, बी-१२ आणि ड तपासून घ्यावं. फॉलिक अ‍ॅसिड (फोलेटची गोळी) मात्र मनानं सुरू करू नये. रक्ताचा अहवाल सुधारतो, पण बी-१२ कमी असेल तर नसांचं नुकसान आतून चालूच राहतं. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्याही एकाच वेळी नकोत.

गोळ्या घेऊनही आकडे हलत नसतील, तर आधी गिरणीवर संशय घ्या. गव्हानंतर त्याच गिरणीत दळलेल्या ज्वारीत गहू मिसळतोच. डबीतल्या हिंगातही अनेकदा गव्हाचं पीठ असतं, लेबल वाचा.