मॅनिकिनच्या घशात वॉर्डमधील जेली वापरू नये
(इंट्युबेशन मॅनिकिन भाड्याने घेणाऱ्या वैद्यकीय महाविद्यालयांसाठी माहितीपत्रक)

नव्या रेसिडेंट डॉक्टरांची तुकडी रुजू झाली की आमच्या इंट्युबेशन मॅनिकिनची (श्वासनलिकेत ट्यूब घालण्याच्या सरावासाठीच्या पुतळ्याची) मागणी वाढते आणि तिच्याबरोबर "ट्यूब आत सरकत नाही, मॅनिकिन सदोष आहे" ही तक्रारही वाढते. परत आलेले मॅनिकिन उघडून पाहिले असता बहुतेक वेळा एकच कारण आढळते: पेटीत दिलेला सिलिकॉन स्प्रे बाजूला राहिलेला असतो आणि ट्यूबला वॉर्डमधील लिग्नोकेन जेली (बधिर करणारी जेली) लावलेली असते. रुग्णाचा घसा मुळातच ओला असतो, मॅनिकिनचा नसतो. त्यामुळे जेलीतील पाणी उडून जाते, तिचा चिकट थर स्वरयंत्रापाशी साचतो आणि पुढची प्रत्येक ट्यूब तेथेच अडते. व्हॅसलिनही चालणार नाही, कारण त्याने रबरी भाग खराब होतात. सत्रापूर्वी, आणि नंतरही दर तीन-चार प्रयत्नांनी, ट्यूबवर व लॅरिंगोस्कोपच्या (घशात पाहण्याच्या उपकरणाच्या) ब्लेडवर स्प्रे मारावा. तो संपल्यास आमच्याकडून जादा बाटली मागवावी; सफाईच्या शुल्कापेक्षा ती निश्चितच स्वस्त पडते.

हा प्रश्न केवळ आमच्या सफाईचा नाही. अडलेली ट्यूब जोराने रेटण्याची आणि जागा दिसावी म्हणून लॅरिंगोस्कोप वरच्या दातांवर टेकवून तरफेप्रमाणे फिरवण्याची सवय चिकट घशावरच लागते, आणि ती कॅज्युअल्टीतील रुग्णापर्यंत जाते. लॅरिंगोस्कोप हँडलच्या दिशेने, वर आणि पुढे उचलायचा असतो. मॅनिकिनच्या मोडलेल्या दातांचे शुल्क आम्ही वेगळे आकारतो याबद्दल काही विभाग नाराज असतात, परंतु ते शुल्क लागू झाल्यापासून दात मोडण्याचे प्रमाण कमी झाले आहे, हेही नमूद करावेसे वाटते.

एका मॅनिकिनमागे सहाच रेसिडेंट ठेवावेत असे आम्ही सांगतो; ते का, असेही विचारले जाते. ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार इंट्युबेशनचे प्रयत्न जास्तीत जास्त तीन, आणि तेही ऑक्सिजनची पातळी टिकून असेपर्यंतच, करायचे असतात. थांबायचे केव्हा, मास्कने श्वास देत राहायचे कसे, लॅरिंजियल मास्क (ट्यूबऐवजी स्वरयंत्रावर बसवायचा मास्क) केव्हा हाती घ्यायचा आणि वरिष्ठांना केव्हा बोलवायचे, हे एकेकदा ट्यूब घालून बाजूला होणाऱ्या चाळीस जणांच्या रांगेत शिकवता येत नाही. मोठ्या तुकडीसाठी दुसरे मॅनिकिन सवलतीच्या दरात मिळते.

साध्या मॅनिकिनमधून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नसल्याने कॅप्नोग्राफवर (उच्छ्वासातील हा वायू मोजणाऱ्या यंत्रावर) आलेख उमटत नाही. तो बिघाड नव्हे. मात्र छाती फुगली म्हणून रुग्णातही ट्यूब योग्य जागी आहे असे मानू नये, तेथे कॅप्नोग्राफचा आलेखच पाहावा, हे रेसिडेंटना आवर्जून सांगावे. आलेख दाखवणारा सिम्युलेटर मॉनिटर वेगळ्या भाड्याने उपलब्ध आहे.

परत पाठवताना मॅनिकिन वर्तमानपत्रात गुंडाळू नये, कारण छपाईची शाई त्याच्या त्वचेत उतरते आणि ती निघत नाही.