दोरी कुठाय? पॅरासेलिंग आणि पॅराग्लायडिंग

दाजी थायलंडहून आले आणि कराडच्या घरी सोफ्यावर बसल्याबसल्या त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. "बघ, पट्टायाला पॅराग्लायडिंग केलं." व्हिडिओत निळं पाणी, त्यावर धावणारी स्पीडबोट, बोटीमागं ताणलेली दोरी, दोरीच्या वरच्या टोकाला लाल-पिवळी छत्री आणि छत्रीखाली नारंगी लाइफ जॅकेटात लटकलेले आमचे दाजी. पाय हलवत होते, हात हलवत होते, एकंदरीत खूश होते.

मी म्हटलं, "दाजी, हे पॅरासेलिंग झालं. पॅराग्लायडिंग वेगळं."

"एकच की रं ते. पॅराशूट दोन्हीकडं, हवा दोन्हीकडं."

दाजींना हसण्यात अर्थ नाही. मी वाईत राहतो. धोमच्या रस्त्याला लागून वर पाहिलं की पाचगणीच्या कड्यापुढं रंगीत कमानी तरंगताना दिसतात, आणि त्यांच्याकडं बोट दाखवून "ते बघ पॅरासेलिंग" म्हणणारी माणसं मी वाईतही रोज ऐकतो. नावात फरक दोन अक्षरांचा आणि लांबून दिसायला दोन्ही कापडाच्या छत्र्या, म्हणजे गोंधळ व्हायचाच. पण यांतली एक गोष्ट करून आलेला माणूस दुसरीकडं त्याच तयारीनं गेला की फजिती होते. दाजींची झाली. ती पुढं सांगतो.

आधी पॅरासेलिंग, कारण ते समजायला सोपं. लहानपणी पतंग उडवला असेल तर ते तुम्हाला आधीच माहीत आहे. वारा पडलेला असला की आपण पतंग हातात धरून पळायचो. पळण्यामुळं जो वारा तयार व्हायचा त्यावर पतंग उठायचा. इथं पळायचं काम बोट करते. पतंगाच्या जागी छत्री, मांज्याच्या जागी जाड दोर आणि पतंगाच्या शेपटीच्या जागी आपण. फिरकी बोटवाल्याकडं. त्यानं ढील दिली की आपण वर, गुंडाळली की खाली. दोर तिरका असतो, म्हणून शंभर मीटर सोडला तरी उंची शंभर मीटरपेक्षा कमीच भरते. बोट थांबली की पुढं जाणं संपलं. छत्री हळूहळू पाण्यावर उतरते. काही बोटवाले मुद्दाम वेग कमी करून पाय पाण्यात बुडवून पुन्हा वर नेतात. दाजींच्या व्हिडिओत तेही आहे, किंकाळीसकट.

पॅराग्लायडिंगमध्ये बोट नाही, जीप नाही, इंजिन नाही, दोर नाही. मग माणूस पुढं कशानं जातो? खाली पडण्यानं. ऐकायला विचित्र वाटतं, पण सगळी गंमत याच उत्तरात आहे. पॅराग्लायडरला छत्री म्हणणंही खरं तर चूक. तो पंख आहे. वर एक कापड, खाली एक कापड, मध्ये उशीच्या अभ्र्यांसारखे शेजारी शेजारी शिवलेले कप्पे, आणि पुढच्या कडेला त्या कप्प्यांची तोंडं उघडी. पळत निघालं की तोंडांतून हवा आत शिरते, कप्पे फुगतात आणि लोळागोळा पडलेल्या कापडाला विमानाच्या पंखासारखा फुगीर आकार येतो. हा पंख शांत हवेत सेकंदाला साधारण एक मीटर खाली येतो आणि तेवढ्यात आठ-नऊ मीटर पुढं सरकतो. म्हणजे पाचशे मीटर उंचीवरून निघालात तर वाऱ्याची मदत नसतानाही चार किलोमीटर पलीकडं उतरता येतं. घसरगुंडीच म्हणा, फक्त हवेची.

यासाठी लागतो उतार. फ्रेंच लोकांनी या खेळाच्या नावातच तो घातलाय: पारापांत, त्यातला पांत म्हणजे उतार. आपल्या जिल्ह्यात समुद्र नाही, पण सपाट माथा आणि एकदम तुटणारा कडा यांची कमी नाही. पाचगणी चार हजार फुटांच्या वर, आणि खाली कृष्णेचं खोरं, धोमचं पाणी. म्हणून पाचगणीला पॅराग्लायडिंग रुजलं आणि पॅरासेलिंगसाठी आपल्याला तारकर्ली, गोवा नाहीतर दाजींसारखं पट्टाया गाठावं लागतं.

आता प्रश्न असा की सेकंदाला मीटरभर खालीच यायचं असेल तर हे लोक तास-तास वर कसे राहतात? फेब्रुवारी-मार्चात दुपारी अकरा-बाराला घारीकडं बघा. पंख न हलवता गोल गोल फिरत ती वर वर जाते. नांगरून टाकलेलं काळं रान उन्हानं लवकर तापतं, शेजारचा उसाचा फड तापत नाही. काळ्या रानावरची हवा गरम होऊन वर उठते, आणि त्या उठत्या हवेच्या खांबात घार गिरकी घेत राहते. पायलट लोक त्याला थर्मल म्हणतात. हवा सेकंदाला तीन मीटर वर चालली असेल आणि पंख तिच्यात एक मीटर खाली येत असेल, तर हिशोबानं माणूस दोन मीटर वर जातो. वाऱ्याचं दुसरं देणं कड्याचं: वारा डोंगराला आडवा येऊन धडकला की त्याला वरच जावं लागतं, आणि कड्याच्या पुढ्यात उचलणाऱ्या हवेचा पट्टा तयार होतो. त्या पट्ट्यात पंख इकडून तिकडं येरझाऱ्या घालतो. कड्याच्या पाठीमागं मात्र तीच हवा भोवऱ्यासारखी उलटीपालटी होऊन खाली येते. तिथं कुणी शहाणा पायलट जात नाही.

याच कारणानं पॅराग्लायडिंगला वाऱ्याचं नखरेल वेळापत्रक असतं. वारा अजिबात नसेल तर पळून पळून दमायला होतं, पाठीमागून असेल तर उडताच येत नाही, आणि फार असेल तर त्याहून वाईट. पंखाचा स्वतःचा वेग ताशी पस्तीस-चाळीस किलोमीटर. समोरून तेवढाच वारा आला तर माणूस हवेत जागच्या जागी उभा, आणि त्याहून जास्त आला तर तोंड पुढं, प्रवास मागं! चाळकेवाडीच्या पवनचक्क्या ज्या वाऱ्यावर खूश असतात त्या वाऱ्यात पॅराग्लायडर पिशवीतच बरा. पावसाळ्यात तर विषयच नाही. तेव्हा पाचगणीला गेल्यावर पायलट "थांबा, वारा बसू दे" म्हणाला तर चिडू नका. पैसे भरलेत म्हणून रेटणारं गिऱ्हाईक आणि गिऱ्हाईक रेटतंय म्हणून उडणारा पायलट, दोघंही सारखेच धोक्याचे.

बोटीला वारा कमी असलेला चालतो, कारण वारा ती स्वतः तयार करते. जास्त वारा मात्र तिलाही नको, आणि इथं आपला एक मोठा गैरसमज आहे. बहुतेकांना वाटतं की दोर आहे म्हणजे पॅरासेलिंग सुरक्षित, आणि दोर नाही म्हणजे पॅराग्लायडिंग जिवावरचं. दोर धीर देतो हे खरं. पण झुळूक अचानक वाढली की छत्रीचा सगळा ताण त्याच दोरावर येतो. तो तुटला तर पर्यटकाच्या हातात ना ब्रेक ना दिशा. वारा नेईल तिकडं, मग ते पाणी असो, किनारा असो की विजेच्या तारा. पॅराग्लायडिंगच्या जोड उड्डाणात मागं बसलेल्या पायलटच्या दोन्ही हातांत ब्रेकच्या दोऱ्या असतात, खुर्चीत जास्तीचं पॅराशूट असतं, आणि उतरायचं रान तो वरून निवडतो. त्याचे धोके वेगळे: निघताना, उतरताना आणि बिघडलेल्या हवेत. आणि एक अगदी क्षुल्लक वाटणारा धोका, मांडीचे पट्टे. छातीचा पट्टा लावला आणि मांडीचे राहिले की माणूस हवेत खुर्चीतून निसटू शकतो. पायलटनं लावले असले तरी स्वतः हात लावून ओढून बघा. लाज वाटायचं कारण नाही, अनुभवी पायलटही स्वतःचे पट्टे दोनदा बघतात.

मला स्वतःला या दोन खेळांत सगळ्यात आवडते ती त्यांची जन्मकथा, कारण दोघांचं मूळ काटकसरीत आहे. पॅराशूटचा सराव करायचा तर विमान लागतं, आणि विमान महाग. १९६१ मध्ये पियेर लेमोन्य या फ्रेंच माणसानं गोल पॅराशूटला ठरावीक जागी चिरा पाडल्या. ओढलं की ते वर चढायला लागलं. उद्देश सरावाचा होता. पुढं बोटी आल्या, पर्यटक आले, आणि सरावाचं साधन जत्रेतला पाळणा झालं. १९७८ मध्ये फ्रान्समधल्याच मियुसी गावाजवळ तिघा पॅराशूटवाल्यांनी विमान टाळण्यासाठी थेट डोंगराच्या उतारावरून पळत उडी घेतली, आणि पॅराग्लायडिंगचं रोप तिथं लागलं. त्यांच्याकडचं पॅराशूट चौकोनी, हवेनं फुगणाऱ्या कप्प्यांचं होतं. ती कल्पना अमेरिकेतल्या डोमिना जॅल्बर्ट यांची, आणि हे गृहस्थ मुळात पतंग बनवणारे! म्हणजे मी इतका वेळ घार घार म्हणून कौतुक केलेल्या पॅराग्लायडरचा आजासुद्धा पतंगच निघाला. दाजींना हे सांगितलं तर ते म्हणतील, "मग मी काय म्हणत होतो?"

तर, दाजींची फजिती. गेल्या फेब्रुवारीत त्यांना पाचगणीला नेलं. जांभ्याच्या माथ्यावर पिवळं पडलेलं गवत, त्यावर पंख पसरून ठेवलेला, दोऱ्या एकेक सोडवून झालेल्या. दाजींना हेल्मेट घातलं, पट्टे लावले, पायलटच्या पुढ्यात त्याच्याशी जोडलं. दाजींनी आजूबाजूला पाहिलं, कड्याकडं पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "दोरी कुठाय?"

"दोरी नसते."

"मग ओढणार कोण?"

"तुम्हीच. पळायचं."

पायलटनं तीनदा बजावलं: मी म्हणेन तेव्हा पळायचं, पाय अधांतरी झाले तरी पळत राहायचं, मी सांगेपर्यंत बसायचं नाही. दाजींनी तिन्ही वेळा मान डोलावली. पंख वर आला, पाठीला हिसका बसला, आणि दाजी तिसऱ्या पावलाला आरामात खाली बसले. पट्टायाला तसंच तर केलं होतं त्यांनी: बोटीच्या फळीवर बसायचं, दोर सोडला की छत्री आपोआप उचलते. इथं पंखाला अजून वेग मिळाला नव्हता. दाजींचं बूड गवतावर, पायलट त्यांच्या पाठीवर, पंख बाजूला आडवा. पायलटनं ताबडतोब ब्रेक ओढून सगळं थांबवलं, कडा अजून लांब होता, त्यामुळं नुकसान एका पँटचं आणि थोड्या कातडीचं झालं. पायलट कपडे झटकत एवढंच म्हणाला, "पॅरासेलिंग करून आलेली माणसं लगेच ओळखू येतात."

दुसऱ्या खेपेला दाजी असे पळाले की हवेत गेल्यावरही मिनिटभर पाय चालूच होते.

मोकळ्या झालेल्या शाळवाच्या रानात ते उतरले. वरती काय वेगळं वाटलं विचारलं, तर म्हणाले, "आवाज नाही रं." बोटीचं इंजिन नाही, संगीत नाही, कानाशी फक्त वाऱ्याची शीळ आणि खाली कुठल्यातरी वस्तीवरचं कुत्रं भुंकलेलं स्पष्ट ऐकू येतं.

परदेशी जाताना हा फरक खिशालाही लागतो. प्रवास विम्याच्या अनेक पॉलिसींमध्ये साहसी खेळ वगळलेले असतात किंवा जादा हप्ता भरून घ्यावे लागतात, आणि तिथं खेळाचं नाव लिहिलेलं असतं. तुमच्या कागदावर पॅरासेलिंग आहे आणि पाय मोडला पॅराग्लायडिंगमध्ये, तर कंपनी "एकच की ते" म्हणणार नाही. जागेवरून ओळखायलाही जाऊ नका. तुर्कस्तानात ओलुदेनिझला बाबादागच्या डोंगरावरून उडतात आणि समुद्रकिनाऱ्यावर उतरतात. खाली निळंशार पाणी असतं, तरी ते पॅराग्लायडिंग. उलट काही कॅम्पवर जीपला दोर बांधून मैदानात वर उचलतात. भोवती डोंगर असले तरी ते पॅरासेलिंग. हिमाचलातलं बीर-बिलिंग, जिथं २०१५ मध्ये पॅराग्लायडिंगचा विश्वचषक झाला, किंवा नेपाळमधलं पोखरा इथं मात्र शंका नको, ते डोंगराचंच काम.

शंका नको असं मला वाटत होतं. परवा दाजींचा फोन आला. दिवाळीला पोखराची ट्रिप ठरलीय, एजंटनं व्हॉट्सॲपवर कार्यक्रम पाठवलाय, तिसऱ्या दिवशी लिहिलंय: 'सारंगकोट सूर्योदय, नंतर पॅरासेलिंग समाविष्ट'.

"मी त्याला विचारलं," दाजी म्हणाले, "दोरी हाय का नाही एवढंच सांग. तर म्हणतो, साहेब, दोरी लागली तर तीपण देऊ."