विरोधी पक्षाच्या आमदाराकडे प्रश्न नेण्याआधी : माहिती अधिकाराचा अर्ज, पात्रता आणि कागदपत्रे

एखाद्या शासकीय विभागाचा किंवा नियामक संस्थेचा कारभार सभागृहात तपासला जावा असे वाटले, की नागरिक बहुधा विरोधी पक्षाच्या आमदाराकडे निवेदन घेऊन जातो. निवेदन स्वीकारले जाते, त्यावर 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' असा शेरा पडतो आणि पुष्कळदा विषय तेथेच थांबतो. दरवेळी त्यामागे आमदारांची अनास्था असते असे नाही. प्रश्न सभागृहात स्वीकृत व्हायचा, तर त्यात नेमके ठिकाण, नेमका कालावधी आणि पडताळून पाहता येईल अशी वस्तुस्थिती लागते. ऐकीव तक्रारीवर उभा केलेला प्रश्न एक तर विधानमंडळ सचिवालयात अस्वीकृत होतो, नाही तर 'हे खरे नाही' एवढ्या उत्तरात निकाली निघतो. त्यामुळे आधी कागद हाती घ्यावा आणि मग आमदारांची भेट घ्यावी, हा क्रम पाळणे फार महत्त्वाचे आहे. तो कागद मिळवण्याचा रस्ता म्हणजे माहितीचा अधिकार अधिनियम, २००५.

या कायद्यापूर्वी काय स्थिती होती, याचे उदाहरण मुंबईतच आहे. १९८६ च्या सुरुवातीस जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरॉल दिले गेल्याने १४ रुग्ण दगावले. त्या प्रकरणी नेमलेल्या न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने रुग्णालयाच्या औषधखरेदीबरोबरच अन्न व औषध प्रशासनाच्या कारभारावरही कठोर ठपका ठेवला आणि आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले. परंतु खरेदीच्या नस्त्या (फायली), चाचणी अहवाल आणि त्यांवरील टिपण्या उघड होण्यासाठी त्या वेळी न्यायिक आयोगच नेमावा लागला होता. आज त्याच प्रकारचे कागद दहा रुपयांच्या अर्जावर मागता येतात, आणि ते मागितले गेलेच पाहिजेत असे माझे स्पष्ट मत आहे.

अर्ज कोण करू शकतो

कायद्याच्या कलम ३ नुसार हा अधिकार भारताच्या प्रत्येक नागरिकाला आहे. आमदार, खासदार किंवा विरोधी पक्षनेता यांनाही या कायद्याखाली वेगळे स्थान नाही. तेही नागरिक म्हणूनच अर्ज करतात. संस्था, मंडळ किंवा पक्षाच्या नावाने अर्ज केल्यास हरकत निघू शकते, म्हणून पदाधिकाऱ्याने अर्ज स्वतःच्या नावाने करावा. परदेशात राहणाऱ्या आणि भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या मराठी माणसालाही हा अधिकार आहे. अन्य देशाचे नागरिकत्व घेतलेल्यांना मात्र नाही. माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याचे बंधन अर्जदारावर नाही (कलम ६(२)). त्यामुळे 'आमदारांना द्यायची आहे' असे अर्जात लिहिण्याची गरज नाही, आणि ते लिहूही नये.

अर्ज कोणाकडे : विभाग आणि नियामक

सर्वांत जास्त गोंधळ येथे होतो. संबंधित कार्यालय राज्याचे आहे की केंद्राचे, हे आधी ठरवावे. अन्न व औषध प्रशासन, महारेरा (गृहप्रकल्पांची नियामक संस्था), महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग, जलसंपदा विभाग, महानगरपालिका यांना राज्याचे नियम लागू होतात. रिझर्व्ह बँक, सेबी (भांडवली बाजाराची नियामक) आणि ट्राय (दूरसंचार नियामक) यांना केंद्राचे. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तरी त्या कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याने तो पाच दिवसांत योग्य प्राधिकरणाकडे वर्ग करावा, असे कलम ६(३) सांगते.

नियामकांच्या बाबतीत कलम २(च) नीट वाचून ठेवावे. एखादी खासगी कंपनी स्वतः या कायद्याखाली येत नसली, तरी तिची जी माहिती अन्य कायद्यान्वये सार्वजनिक प्राधिकरणाला मिळवता येते, ती त्या प्राधिकरणाकडे मागता येते. म्हणजे खासगी वीज वितरण कंपनीने वीज आयोगाकडे दाखल केलेली विवरणपत्रे आयोगाकडून, किंवा विकासकाने महारेराकडे दिलेली प्रकल्पाची माहिती महारेराकडून मागता येते. अशा अर्जांना 'विश्वासाश्रित नात्याने (म्हणजे विश्वासाने सोपवलेली म्हणून) मिळालेली माहिती' हे कलम ८(१)(ङ) चे कारण देऊन नकार मिळण्याची शक्यता असते. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०१५ रोजी रिझर्व्ह बँकेच्या प्रकरणात दिलेला निर्णय अपिलात अवश्य उद्धृत करावा. रिझर्व्ह बँक आणि ती ज्या बँकांवर देखरेख ठेवते त्या बँका यांच्यात असे विश्वासाश्रित नाते नाही, रिझर्व्ह बँकेचे कर्तव्य जनहित जपण्याचे आहे, असे न्यायालयाने त्यात म्हटले आहे.

अर्जाचा मजकूर

राज्यातील कार्यालयांसाठी जोडपत्र 'अ' हा नमुना आहे. त्यात अर्जदाराचे पूर्ण नाव व पत्ता, माहितीचा विषय, माहिती ज्या कालावधीशी संबंधित आहे तो कालावधी, हव्या असलेल्या माहितीचे वर्णन, माहिती टपालाने हवी की व्यक्तिशः, आणि अर्जदार दारिद्र्यरेषेखालील आहे काय, एवढ्या बाबी भराव्या लागतात. राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि वर्णन साधारण १५० शब्दांत बसावे. केंद्राच्या नियमांत ही मर्यादा ५०० शब्दांची आहे.

मजकुरात 'का' विचारू नये. अमुक निर्णय का घेतला, याचे स्पष्टीकरण देण्यास माहिती अधिकारी बांधील नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून अस्तित्वात असलेला दस्तऐवज मागावा. उदाहरणार्थ, 'जिल्ह्यात निकृष्ट औषधांवर कारवाई का होत नाही' असे न विचारता, 'दि. १ जानेवारी २०२५ ते ३० जून २०२५ या कालावधीत जिल्ह्यातील शासकीय रुग्णालयांतून तपासणीसाठी घेतलेल्या औषध नमुन्यांच्या नोंदवहीची प्रत, प्रमाणित दर्जाचे नसल्याचे घोषित झालेल्या नमुन्यांचे चाचणी अहवाल आणि त्यावर झालेल्या कारवाईच्या नस्तीतील टिपणीसह सर्व पृष्ठांच्या प्रमाणित प्रती' असे लिहावे. 'टिपणीसह' हा शब्द सोडू नये. निर्णय कोणत्या अधिकाऱ्याकडे किती दिवस अडला होता, हे टिपणीतूनच कळते.

कागदपत्रे आणि शुल्क

अर्जावर दहा रुपयांचे न्यायालय शुल्क मुद्रांक चिकटवावे. रोख भरल्यास पावती घ्यावी. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास शुल्क माफ आहे, मात्र त्याचा पुरावा जोडावा लागतो. संपर्कापलीकडची वैयक्तिक माहिती कायदा मागत नाही. तरीही नागरिकत्वाच्या मुद्द्यावर अर्ज अडू नये म्हणून ओळखपत्राची स्वसाक्षांकित प्रत जोडणे सोयीचे ठरते. केंद्राच्या कार्यालयास मुद्रांक चालत नाही, तेथे भारतीय पोस्टल ऑर्डर किंवा केंद्राच्या पोर्टलवरील ऑनलाइन भरणा करावा. राज्याचेही स्वतंत्र ऑनलाइन पोर्टल आहे. छायाप्रतीसाठी प्रतिपृष्ठ दोन रुपये आकारले जातात. नस्ती फार मोठी असेल, तर आधी अवलोकन मागून आवश्यक तेवढीच पृष्ठे निवडावीत. पैसे वाचतात आणि कोणता कागद नस्तीत नाही, हेही डोळ्यांनी पाहता येते. जिल्हास्तरीय कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अभिलेख पाहू देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०१८ मध्ये घेतला आहे. अर्जाची पोच, म्हणजे आवक क्रमांक व तारखेचा शिक्का असलेली प्रत, जपून ठेवावी.

मुदती, नकार आणि अपील

उत्तर ३० दिवसांत मिळाले पाहिजे. जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत. मुदतीत उत्तर न आल्यास तो नकार समजला जातो आणि त्यानंतर माहिती विनामूल्य द्यावी लागते. उत्तर मिळाल्यापासून किंवा मुदत संपल्यापासून ३० दिवसांत त्याच कार्यालयातील प्रथम अपिलीय प्राधिकाऱ्याकडे जोडपत्र 'ब' मध्ये अपील करावे. त्याचा निकाल ३० दिवसांत आणि लेखी कारणे नोंदवून जास्तीत जास्त ४५ दिवसांत अपेक्षित आहे. त्यापुढे ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे जोडपत्र 'क' मध्ये द्वितीय अपील करता येते. राज्यात दोन्ही अपिलांना प्रत्येकी २० रुपयांचे न्यायालय शुल्क मुद्रांक लागते. माहिती देण्यास विनाकारण विलंब करणाऱ्या अधिकाऱ्यास दररोज २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंडाची तरतूद कलम २० मध्ये आहे. माहितीच हवी असेल, तर आयोगाकडे कलम १८ ची तक्रार न करता कलम १९ चे अपीलच करावे. तक्रारीवर माहिती देण्याचा आदेश होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितले आहे.

अलीकडच्या एका बदलाकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. वैयक्तिक माहिती नाकारण्याची मुभा देणाऱ्या कलम ८(१)(ञ) मध्ये पूर्वी असे परंतुक (अट घालणारे वाक्य) होते, की जी माहिती संसदेला किंवा राज्य विधानमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीलाही नाकारता येणार नाही. नागरिक आणि लोकप्रतिनिधी यांना एका पातळीवर आणणारे हे वाक्य डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ ने केलेल्या दुरुस्तीत वगळले गेले आहे, आणि हे नुकसान मोठे आहे. आता 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार आल्यास कलम ८(२) चा, म्हणजे व्यापक जनहिताचा, आधार अपिलात सविस्तर मांडावा लागेल. दुसरीकडे, आमदारांच्या प्रश्नाचे महत्त्व यामुळे वाढले आहे, कारण सभागृहाला उत्तर देण्याची मंत्र्यांची जबाबदारी या दुरुस्तीने कमी झालेली नाही.

कागद हाती आल्यावर

प्रमाणित प्रती मिळाल्या, की त्या विषयावर सातत्याने बोलणाऱ्या विरोधी सदस्याची निवड करावी. तो आपल्याच मतदारसंघाचा असावा असे बंधन नाही आणि विधान परिषदेचे सदस्यही चालतात. २०२४ च्या निवडणुकीत २८८ सदस्यांच्या विधानसभेत विरोधातील एकाही पक्षाला एक दशांश, म्हणजे २९ जागा मिळाल्या नाहीत आणि विरोधी पक्षनेतेपदाचा वाद निर्माण झाला. परंतु प्रश्न विचारण्याचा प्रत्येक सदस्याचा अधिकार त्या पदावर अवलंबून नाही.

सदस्याकडे जाताना प्रतींचा संच, एका पानाचा तारीखवार गोषवारा आणि प्रश्नाचा कच्चा मसुदा न्यावा. मसुदा सभागृहाच्या रूढ शब्दांत असला, तर स्वीय सहायकाचे काम हलके होते. वरील उदाहरणाचा मसुदा असा होईल : '(१) जिल्ह्यातील शासकीय रुग्णालयांतून माहे जानेवारी ते जून, २०२५ या कालावधीत घेतलेले काही औषध नमुने प्रमाणित दर्जाचे नसल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, सदर औषधांचे वितरण कोणत्या तारखेस थांबविण्यात आले, (३) तदनुसार संबंधितांवर कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' प्रश्नात युक्तिवाद, आरोप, विशेषणे किंवा न्यायप्रविष्ट बाब नसावी. तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर मिळते आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी येते. तातडीच्या विषयासाठी लक्षवेधी सूचना अधिक उपयुक्त असते.

वेळेचे गणित आधीच मांडावे. अर्थसंकल्पीय आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, तर हिवाळी अधिवेशन नागपूरला होते. प्रश्नांच्या सूचना अधिवेशन सुरू होण्याच्या बऱ्याच आधी सचिवालयाकडे जातात. अर्जाचे ३० दिवस आणि अपिलाचे ३० ते ४५ दिवस लक्षात घेता, डिसेंबरच्या अधिवेशनासाठी अर्ज उन्हाळ्यातच टाकलेला बरा.

वीजदराच्या बाबतीत आणखी एक थेट मार्ग आहे. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ६४ नुसार दरप्रस्ताव प्रसिद्ध करावा लागतो, आणि जनतेच्या सूचना व हरकती विचारात घेऊन आयोगाने १२० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. आमदार आणि नागरिक दोघांनीही तेथे स्वतंत्र लेखी हरकत घ्यावी आणि सुनावणीत बोलायचे असल्यास तसे हरकतीतच नमूद करावे.

सभागृहातील छापील उत्तर आले, की ते आपल्या प्रमाणित प्रतींशी ओळीने ताडून पाहावे. 'हे अंशतः खरे आहे' असे उत्तर असेल, तर कोणता अंश मान्य झाला हे सदस्याला लेखी कळवावे. मंत्र्यांनी चौकशीचे किंवा कारवाईचे आश्वासन दिले असेल, तर ते सभागृहाच्या आश्वासन समितीच्या कक्षेत येते. उत्तर आणि कागद यांत तफावत दिसली, तर उत्तर ज्या टिपणीवरून तयार झाले त्या टिपणीची प्रत मागणारा नवा अर्ज त्याच विभागाकडे करावा आणि सोबत छापील उत्तराची प्रत जोडावी.