साका कोणी सांगायचा?

हापूसमधला साका बाहेरून दिसत नाही. फळ पिवळेजर्द असते, साल तुकतुकीत असते, देठाजवळ वास दरवळत असतो, आणि सुरी घातल्यावर मात्र आतला गर पांढरट, भुसभुशीत आणि आंबट निघतो. दोन वर्षांपूर्वी एप्रिलच्या अखेरीस रत्नागिरी तालुक्यातल्या एका पॅकिंग शेडमध्ये मी बसलो होतो. आढीतली फळे निवडणाऱ्या विशीतल्या एका मुलाने नमुन्यासाठी सहा फळे कापली. त्यांतल्या दोन फळांकडे पाहून तो क्षणभर थांबला आणि त्याने ती हळूच पेंढ्याखाली सरकवली. शेडचे मालक दहा पावलांवर फोनवर बोलत होते. नंतर मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "काकांना सांगितलं असतं तर ते माझ्यावरच उखडले असते. मागच्या वर्षी ज्याने सांगितलं, त्याला दुसऱ्या दिवसापासून पेट्या उचलायला लावलं."

फळ झाडावर जास्त पक्व झाले आणि त्याला तापलेल्या जमिनीची धग लागली, की साक्याचे प्रमाण वाढते. म्हणजे त्या दोन फळांत मालकांच्या उपयोगाची मोठी माहिती होती: त्या बागेतली उरलेली तोडणी लवकर उरकायला हवी होती आणि पुढच्या वर्षी झाडाखाली पालापाचोळ्याचे आच्छादन घालायला हवे होते. ती माहिती पेंढ्याखालीच राहिली. नेतृत्वाच्या कौशल्यांत भाषण करणे, कामे वाटून देणे, निर्णय घेणे यांची चर्चा फार होते. पण हाताखालच्या माणसाने आणलेली वाईट बातमी नीट ऐकून घेणे हे माझ्या मते त्यांतले सर्वांत अवघड कौशल्य आहे, आणि ते सरावाने येते.

वाईट बातमी सांगायला माणूस कचरतो, हे मानसशास्त्राने प्रयोगातून दाखवले आहे. सिडनी रोझेन आणि अब्राहम टेसर या अमेरिकी संशोधकांनी 1970 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, सहभागी व्यक्तींनी दुसऱ्या एका माणसाला 'घरी ताबडतोब फोन कर' असा निरोप द्यायचा होता. निरोपामागची बातमी चांगली असेल तर लोक तसे मोकळेपणाने सांगत. वाईट असेल तर बातमीबद्दल गप्प राहण्याकडे त्यांचा कल दिसला. इथे सांगणाऱ्याचा काहीच दोष नव्हता आणि ऐकणारा त्याचा साहेबही नव्हता. शेडमधल्या मुलापुढे तर रोजंदारीचा प्रश्न होता.

या गप्प राहण्याची किंमत विमानवाहतुकीने फार मोठी मोजली आहे. 28 डिसेंबर 1978 रोजी अमेरिकेत पोर्टलंडजवळ एक डीसी-8 प्रवासी विमान, चाकांच्या यंत्रणेत बिघाड झाल्याच्या शंकेमुळे सुमारे तासभर घिरट्या घालत राहिले आणि इंधन संपून कोसळले. दहा जणांचा मृत्यू झाला. कप्तान अतिशय अनुभवी होते, पण त्यांचे सारे लक्ष चाकांकडे लागले होते. इंधन कमी होत असल्याचे सहकाऱ्यांना दिसत होते, त्यांनी ते आडून सुचवलेही, मात्र ठासून कोणी सांगितले नाही. अशा अपघातांच्या अभ्यासातून विमानातल्या सर्व कर्मचाऱ्यांना एकत्र प्रशिक्षण देण्याची पद्धत रुजली. त्यात कनिष्ठाला शंका स्पष्ट बोलून दाखवायला शिकवतात आणि कप्तानाला ती विचारून घ्यायला शिकवतात. अंतिम निर्णयाचा अधिकार कप्तानाकडेच राहतो.

आपल्या किनाऱ्यावर हे चटकन पटावे. 1 जून ते 31 जुलै ही मासेमारीबंदी संपली की मिरकरवाडा, हर्णै या बंदरांतून बोटी बाहेर पडतात. बोटीवर तांडेलाचा, म्हणजे बोटीच्या प्रमुखाचा, शब्द शेवटचा असतो, आणि वारा उठलेला असताना तो तसाच असायला हवा. परंतु इंजिनाचा आवाज बदलल्याचे आधी कळते ते खाली बसलेल्या माणसाला. तो अनेकदा नेपाळहून आलेला, त्या हंगामातच बोटीवर चढलेला खलाशी असतो. त्याने ते वेळेत सांगावे असे वाटत असेल, तर बंदर सोडण्यापूर्वीच्या दिवसांत तांडेल त्याच्याशी कसा बोलला हे महत्त्वाचे ठरते.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांना रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका अभ्यासताना एक उलटा निष्कर्ष हाती लागला. चांगले सांघिक काम करणाऱ्या विभागांत चुकांची नोंद कमी असेल, अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात ती जास्त निघाली, कारण तिथे चुका लपवल्या जात नव्हत्या. पुढे 1999 मध्ये त्यांनी एका उत्पादन कंपनीतल्या 51 गटांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि 'मानसिक सुरक्षितता' ही कल्पना मांडली. बोललो तर अपमान होणार नाही, शिक्षा होणार नाही, असा गटातल्या सर्वांना वाटणारा विश्वास म्हणजे ही सुरक्षितता. 'आमच्याकडे तक्रारच नाही' असे अभिमानाने सांगणाऱ्या व्यवस्थापकाने हा निष्कर्ष शांतपणे वाचावा, असे मला मनापासून वाटते.

आता प्रत्यक्ष सरावाकडे येऊ. बातमी कानावर पडल्यानंतरचे पहिले वाक्य निर्णायक असते. "तुला कळत नाही का?" हे वाक्य समोरच्या माणसाविषयी आहे; "कोणत्या बागेची फळं?" हे कामाविषयी आहे. हा फरक केवळ सौजन्याचा नाही. क्लुगर आणि डेनिसी या संशोधकांनी 1996 मध्ये अभिप्रायाच्या परिणामांवरील अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्रायानंतर काम सुधारण्याऐवजी बिघडलेले आढळले. लक्ष कामावरून हटून स्वतःच्या प्रतिष्ठेकडे वळले, की अभिप्रायाचा उपयोग कमी होतो, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे.

रागाच्या क्षणी शहाणे वाक्य आठवत नाही; ते आधीच ठरवून ठेवावे लागते. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी 'जर-तर' स्वरूपाच्या संकल्पांचा दीर्घ अभ्यास केला आहे. 2006 मध्ये त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी 94 चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा नुसत्या इच्छेपेक्षा असा नेमका संकल्प बराच अधिक परिणामकारक ठरल्याचे दिसले. 'मी शांत राहीन' ही इच्छा झाली. 'कोणी साका आढळल्याचे सांगितले, तर मी आधी तोडणीची तारीख विचारीन' हा संकल्प झाला. तो मार्चमध्ये, हंगामाची धांदल सुरू होण्यापूर्वी, घरातल्या कोणाला तरी समोर बसवून मोठ्याने दहा वेळा म्हणून पाहावा. वैमानिक जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये हेच करतात. हॉटेलच्या सभागृहात दोन दिवस व्याख्याने ऐकून ही सवय अंगी बाणत नाही, असे माझे मत आहे.

त्या शेडच्या मालकांशी मी हे सगळे बोललो. मुलाचे नाव घेतले नाही. या वर्षी त्यांनी दाराशी एक फळा लावला असून त्यावर बागेचे नाव आणि कापलेल्या फळांत किती साके निघाले तो आकडा रोज लिहायचा, असे सर्वांना सांगितले. पहिले चार दिवस सगळ्या बागांपुढे शून्यच होते. पाचव्या दिवशी संध्याकाळी त्याच मुलाने खडू घेऊन एका बागेपुढे तीन लिहिले आणि तो तिथेच उभा राहिला. काका आले, त्यांनी फळा वाचला, चष्मा काढून पुसला आणि विचारले, "तोडणी कधीची रे?"