डॅलसमधले नांगरांचे गोदाम

अमेरिकेच्या टेक्सास राज्यातल्या डॅलसमध्ये एल्म आणि ह्यूस्टन या रस्त्यांच्या कोपऱ्यावर विटांची एक सात मजली इमारत आहे. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी अध्यक्ष केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या त्या इथल्या सहाव्या मजल्यावरून, असा हत्येच्या चौकशीसाठी नेमलेल्या वॉरन आयोगाचा निष्कर्ष. त्यामुळे इमारतीचा विषय निघाला की सगळे त्या एका खिडकीपाशी थांबतात. खरे तर तोवर सहा दशके ती मुकाट्याने माल सांभाळत आली होती.

१८७२-७३ मध्ये डॅलसला दोन रेल्वेमार्ग येऊन मिळाले आणि रुळांच्या आसपास वखारी उभ्या राहू लागल्या. भोवतालची जमीन काळी, कापसाची. शेतकऱ्याला लागणारी अवजारे उत्तरेकडच्या कारखान्यांतून येत. इलिनॉयच्या रॉक आयलंड प्लाऊ या नांगर बनवणाऱ्या कंपनीने १८९८ मध्ये इथे पाच मजली इमारत बांधली ती याच व्यापारासाठी. १९०१ मध्ये तिच्यावर वीज पडली, आग लागली, आणि त्याच जागी आजची इमारत उभी राहिली. बाहेरून कमानींचा थाट, आत मात्र लाकडी खांबांवर पेललेले मोकळेढाकळे मजले.

१९३९ मध्ये लिलावात ती तेलाच्या धंद्यातले डी. एच. बर्ड यांनी घेतली. पुढे जॉन सेक्स्टन हे किराण्याचे घाऊक व्यापारी भाडेकरू आले. ते १९६१ मध्ये गेले आणि त्यांच्यामागून आली टेक्सास स्कूल बुक डिपॉझिटरी. नाव सरकारी वाटले तरी ही कंपनी खासगी. प्रकाशकांची पाठ्यपुस्तके साठवायची आणि मागणीप्रमाणे शाळांना धाडायची, एवढेच तिचे काम.

आधीच्या मालामुळे वरच्या मजल्यांच्या फळ्या तेलकट झाल्या होत्या. पुस्तकांची खोकी खराब होऊ नयेत म्हणून त्यांवर प्लायवूड ठोकायला घेतले. नोव्हेंबर १९६३ मध्ये हे काम सहाव्या मजल्याच्या पश्चिम बाजूला पोचले होते, म्हणून तिथली खोकी उचलून पूर्वेकडे रचली गेली. आग्नेय कोपऱ्यातल्या खिडकीला आयताच आडोसा मिळाला. आयोगाने मारेकरी ठरवलेला ली हार्वी ऑस्वाल्ड १६ ऑक्टोबरला तासाला सव्वा डॉलर मजुरीवर इथे कामाला लागला. शाळांच्या मागणीप्रमाणे खोक्यांतली पुस्तके काढून द्यायची, हे त्याचे काम. अध्यक्षांच्या ताफ्याचा मार्ग जाहीर झाला तो त्यानंतर महिनाभराने. कटाच्या कहाण्या रंगवणारे हा क्रम सहसा सोयीस्करपणे विसरतात. हत्येनंतर दहा दिवसांनी त्याचा क्लिपबोर्ड सहाव्या मजल्यावरच सापडला. पुस्तकांच्या मागण्या त्याला तशाच लावलेल्या होत्या.

डिपॉझिटरीने १९७० मध्ये जागा सोडली. बर्ड यांनी इमारत नॅशव्हिलच्या ऑब्री मेह्यू यांना विकली, पण पैसे थकल्याने ती दोनच वर्षांत परत बर्ड यांच्याकडे आली. १९७२ मध्ये ती पेटवून देण्याचाही प्रयत्न झाला. शहराची लाज म्हणून ही वास्तू पाडून टाका, असे म्हणणारे डॅलसमध्ये बरेच होते. ते घडले नाही हे चांगलेच झाले. पाडल्याने बदनामी थोडीच पुसली गेली असती? १९७७ मध्ये डॅलस काउंटीने ती विकत घेतली. १९८१ मध्ये खालच्या पाच मजल्यांवर सरकारी कचेऱ्या सुरू झाल्या. सहावा मजला मात्र रिकामाच ठेवला होता. तिथे १९८९ मध्ये संग्रहालय उघडले. खिडकीचा तो कोपरा आता काचेआड आहे. आतली खोकी नव्याने बनवलेली, पण जुने फोटो समोर ठेवून रचलेली आहेत.