साखळीची टोकं आणि लांबचे शेजारी

भौतिकशास्त्रज्ञ अलेक्सी किताएव यांनी ऑक्टोबर २००० मध्ये एक छोटा शोधनिबंध जाहीर केला, पुढच्या वर्षी तो छापून आला. त्यातली एकमितीय सुपरकंडक्टरची (म्हणजे जिथे इलेक्ट्रॉन जोड्या जमवतात आणि वीज विनाअडथळा वाहते अशा पदार्थाची) साखळी अगदी साधी होती. एका ओळीत जागा, इलेक्ट्रॉन फक्त शेजारच्या जागेवर उडी मारणार आणि जोडीही फक्त शेजाऱ्याशीच जमवणार. त्यापलीकडच्याशी कुणाचं देणंघेणं नाही. पुढची सगळी भानगड या शेवटच्या अटीतून निघाली.

शाळेतले चार बाक डोळ्यांपुढे आणा, एकेका बाकावर दोन मुलं. बाक म्हणजे इलेक्ट्रॉनची जागा, आणि ही दोन मुलं म्हणजे त्या इलेक्ट्रॉनचे दोन मायोराना अर्धे. मायोराना म्हणजे स्वतःच स्वतःचा प्रतिकण (उलट भाराचं जुळं) असलेला कण. तो इटालियन भौतिकशास्त्रज्ञ एत्तोरे मायोराना यांनी १९३७ मध्ये कागदावर मांडला होता, आणि पुढच्याच वर्षी ते स्वतः कायमचे बेपत्ता झाले. एका बाकावरच्या दोघांनी एकमेकांचा हात धरला, तर कुणीच उरत नाही. पण प्रत्येकाने पुढच्या बाकावरच्या मुलाचा हात धरला, तर दुसरा-तिसरा, चौथा-पाचवा, सहावा-सातवा अशा जोड्या लागतात आणि पहिला नि आठवा मोकळे राहतात. दोन टोकांना पडलेले हे अर्धे मिळून एक इलेक्ट्रॉन होतो, आणि तो असो वा नसो, ऊर्जा तीच. किताएव यांना यात क्वांटम माहिती साठवायची जागा दिसली. स्थानिक गडबडीने ती पुसली जाणार नाही, कारण ती एका ठिकाणी नाहीच.

टोकांचा एकमेकांशी संबंध साखळीच्या लांबीबरोबर घातांकी वेगाने विरतो, यावर हे सारं उभं आहे. तो दर घरामागे, म्हणजे दर जागेमागे, साधारण पावणेतीनपट घटला, तर शंभर घरांनंतर दशांशचिन्हामागे त्रेचाळीस शून्यं येतात. तोच संबंध अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटला, तर शंभर घरांनंतरही एक शतांश उरतो!

लांबचे शेजारी एकमितीय जगात उलथापालथ करतात, हे नवं नव्हतं. अर्न्स्ट इझिंग यांनी १९२५ मध्ये दाखवलं की फक्त शेजाऱ्यांशी बोलणाऱ्या चुंबकांच्या रांगेत निरपेक्ष शून्याच्या वरच्या कुठल्याही तापमानाला सुव्यवस्था, म्हणजे सगळ्यांची एकच दिशा, टिकत नाही. फ्रीमन डायसन यांनी १९६९ मध्ये सिद्ध केलं की हे बोलणं अंतराच्या वर्गापेक्षा सावकाश घटलं, तर पुरेशा कमी तापमानाला ती टिकते. सुपरकंडक्टरच्या साखळीला हा धडा लागू व्हायला मात्र बराच वेळ गेला.

२०१३ मध्ये दोन गोष्टी घडल्या. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले दिप्तिमान सेन आणि त्यांचे सहकारी यांनी उडी लांबवली तर काय होतं ते तपासलं, तेव्हा एकेका टोकाला एकाहून अधिक मायोराना बसू शकतात असं दिसलं. त्याच वर्षी सुपरकंडक्टरवर विरळ मांडलेल्या चुंबकीय अणूंच्या रांगेचं गणित आलं. तिथे उडी आणि जोडी दोन्ही ठरावीक अंतरापर्यंत अंतराच्या व्यस्त प्रमाणातच घटतात. म्हणजे लांबचा शेजारी ही केवळ गणितज्ञांची हौस नव्हती.

मग २०१४ मध्ये दाविदे व्होडोला, ग्विदो पुपिलो आणि सहकाऱ्यांनी जोडीची ताकद अंतराच्या α या घातानुसार घटू दिली; α जितका लहान, तितकी ती लांबवर पोचते. α एकपेक्षा बराच मोठा असेल तर ओळखीचे मायोराना दिसतात. तो एकच्या खाली गेला, की लांबी कितीही वाढवा, टोकांचा संबंध पूर्ण तुटत नाही. टोकाची अवस्था टोकालाच राहते, पण तिची ऊर्जा शून्य उरत नाही. २०१६ मध्ये व्हियुएला आणि सहकाऱ्यांनी या ‘वस्तुमान असलेल्या’, म्हणजे शून्य नसलेल्या ऊर्जेच्या, अवस्थाही टोपॉलॉजीच्याच (ताणलं-वाकवलं तरी न बदलणाऱ्या गुणधर्मांच्या) असल्याचं मांडलं. अशा अवस्था ओळखायला गणितातलं एक वळण मध्यबिंदूभोवती किती वेढे घेतं ते मोजतात. त्यांच्या गणितात वेढ्यांची ही संख्या अर्धी आली! पूर्णांकाची सवय असलेल्या वाचकाला हे खटकतंच. कारण असं, की α एकहून लहान असताना शून्य संवेगापाशी जोडीचं फलन अनंताकडे जातं, आणि वेढा तिथे नीट मिटत नाही.

लांबच्या शेजाऱ्यांच्या या व्यवहाराला ‘दीर्घ पल्ल्याची आंतरक्रिया’ म्हटलं, तर माझ्या मते तो शब्द इथे जरा सैल पडतो. या प्रारूपांत लांब पल्ला जोडीचा आणि उडीचा आहे. इलेक्ट्रॉनांमधलं खरं प्रतिकर्षण आणलं की गणित इतकं सरळ सुटत नाही. शिवाय सर्वांत कमी ऊर्जेची मूळ अवस्था दुहेरी (टोकांचा इलेक्ट्रॉन असो वा नसो, सारख्याच ऊर्जेची) न राहिल्याने किताएव यांची साठवणीची कल्पनाही इथे जशीच्या तशी चालत नाही.

प्रयोगशाळेने उलटी वाट धरली. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या गटाने २०२३ मध्ये क्वांटम डॉट (इलेक्ट्रॉन कोंडून ठेवणारे इवलेसे ठिपके) वापरून साखळी बनवली ती दोनच घरांची. तिथे लांबचा शेजारी असायला जागाच नाही.