ऑपरेशननंतरचा ‘ताकोत्सुबो’ : पार्श्वभूमी

अक्कलकोट, बार्शीकडून खुब्याचं हाड मोडलेल्या सत्तरीच्या आजी सोलापुरात येतात. ऑपरेशन नीट होतं, आणि दुसऱ्या दिवशी एखादीला धाप लागते, बीपी उतरतं. ईसीजी हार्ट अटॅकसारखा, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची रक्तातली खूण) वाढलेलं. अँजिओग्राफीत मात्र हृदयाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या.

ताकोत्सुबो या हृदयविकाराचं हे चित्र १९९० मध्ये हिरोशिमाच्या हिकारू सातो आणि सहकाऱ्यांनी पहिल्यांदा मांडलं. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याचं टोक हालत नाही, फुगतं. वरचा भाग जोरात आकुंचन पावतो. ऑक्टोपस पकडायच्या अरुंद तोंडाच्या मडक्यासारखा हा आकार, म्हणून ताकोत्सुबो. २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी मानसिक धक्क्यानंतरच्या रुग्णांच्या रक्तातली ॲड्रेनालिनसारखी ताणाची रसायनं मोजली. ती गंभीर हार्ट अटॅकच्या रुग्णांपेक्षाही दोन-तीन पट निघाली.

तेव्हापासून दुःखाच्या बातमीने हृदय खचतं, एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. २०१५ मध्ये १,७५० रुग्णांची आंतरराष्ट्रीय नोंद प्रसिद्ध झाली. तीत मात्र शारीरिक कारणं (ऑपरेशन, आजार अशी) ३६ टक्के होती, भावनिक २७.७ टक्के. दहापैकी नऊ रुग्ण स्त्रिया, बहुतेक पाळी गेलेल्या.

मग ताण आधीच दाबला तर? ऑपरेशनआधी मेटोप्रोलॉल ही ॲड्रेनालिनचा हृदयावरचा परिणाम रोखणारी गोळी सुरू करण्याची मोठी चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. ८,३५१ रुग्णांत हार्ट अटॅक घटले, पण मृत्यू आणि लकवा वाढले. म्हणून ही गोळी ऐनवेळी नव्याने सुरू करत नाहीत. आधीपासून चालू असेल तर मात्र अचानक बंदही करायची नसते.

भूल उतरताना होणारी वेदना, रक्तस्राव, थंडी, कमी ऑक्सिजन या सगळ्यांनी ॲड्रेनालिन वाढतं. वेदनाशामकांमुळे छातीतली कळ जाणवतच नाही, तेव्हा नुसती धाप किंवा उतरलेलं बीपी हीच खूण धरावी. इथे टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) लगेच हवा. बीपी चढवायला घाईने ॲड्रेनालिन किंवा डोब्युटामिन (हृदयाला जोरात आकुंचन पावायला लावणारं औषध) लावलं तर कप्प्याचा वरचा भाग आणखी आवळतो, काहींत रक्ताची बाहेर जायची वाटच अडते आणि बीपी अधिकच कोसळतं. ईसीजीत क्यूटी (ठोक्यातलं एक ठरावीक अंतर) लांबलं असेल तर उलटीवर सर्रास दिलं जाणारं ऑन्डनसेट्रॉनही जपून द्यावं लागतं, कारण ते हे अंतर आणखी लांबवतं. टोकाशी रक्ताची गुठळी झाली तर रक्त पातळ करायचं औषध लागतं, आणि जखम ताजी असल्याने सर्जनला विचारल्याशिवाय ते सुरू करता येत नाही.

यातून वाचलेल्या बहुतेकांचं हृदय काही आठवड्यांत पूर्ववत आकुंचन पावू लागतं. घरी गेल्यावर बरं वाटतंय म्हणून पुढचा इको राहून जातो. तो चार ते सहा आठवड्यांनी करायलाच हवा, कारण हालचाल पूर्ववत झाली नाही तर निदानाचाच पुन्हा विचार करावा लागतो.